दुसरा फोटो

मीटरचा फोटो कंपनीचा.
आकडे स्पष्ट हवेत, काचेवर ऊन नको, बोट नको,
मगदूम साहेबांनी पहिल्याच दिवशी दम भरलेला.
दुसरा फोटो माझा.
त्याचे पैसे कुणी देत नाही,
म्हणून तो नीट येतो.

गावभागात एका दारावर हळदीचा डबा आहे,
तोंड कापून ठोकलेला.
त्यातून निघणारं प्रत्येक पाकीट कडेला पिवळं.
लग्नाची पत्रिका असो की कोर्टाची नोटीस,
या घरात सगळ्याला आधी हळद लागते.

कुपवाडला फाटकावर चेतकची डिकी
वेल्डिंग करून बसवलीय.
स्कूटर भंगारात गेली, किल्ली अजून मालकाच्या खिशात.
"अ‍ॅव्हरेज किती देते?" मी विचारलं.
"महिन्याला दोन पत्रं," तो म्हणाला,
"तीही बँकेची."

मिरजेत सतारीचा भोपळा.
तडा गेला, वाद्य व्हायचं राहिलं,
आता टपाल खातो.
वारा सुटला की घुमतो, बशीरभाई शपथेवर सांगतात.
मी दर महिन्याला कान लावते.
ऐकू येतो तो रिक्षाचा भोंगा.
तरी लावते.

वखारभागात एक आजोबा, नाटकात प्रॉम्प्टर होते म्हणे.
त्यांच्या पेटीला मखमलीचा पडदा,
खाली पाटी: टपाल टाकण्यापूर्वी तीन घंटा द्याव्यात.
पोस्टमन दंडगे देतो. तिन्ही.
भर उन्हात, तिसरीनंतर थोडा थांबून
पडदा सरकवतो,
तर आत आधीच कुणीतरी कोंबलेली
क्लासची जाहिरात.

फोनमध्ये आता चारशे बारा पेट्या झाल्यात.
मुलगा म्हणतो, आई, यात माणूस एकही नाही.
बघ की नीट, मी म्हणते,
आणि तो खरंच बघायला लागला की
मला काय दाखवायचं ते सुचत नाही.

नदीकडच्या गल्लीत बिरनाळे काकूंची पेटी
नऊ फुटांवर.
भिंतीवर एकोणीसच्या पुराची रेघ,
मळकट, सरळ, पट्टी धरून ओढल्यासारखी.
पेटी त्या रेघेच्या वर चार बोटं.
खाली लोंबती दोरी, दोरीला कपड्यांचा चिमटा.
पत्र लावायचं, ओढायचं,
ते वर जातं आणि फटीशी अडतं.
नेहमी अडतं.
मग काकू खिडकीतून लाटण्यानं ढकलतात.

"एवढं वर कशाला ओ, काकू?"
"पहिली कमरेएवढ्यावर होती.
पाणी उतरल्यावर उघडली, तर आत गाळ.
गाळात एक पाकीट.
अक्षर सगळं गेलेलं, तिकीट तेवढं शाबूत.
कुणाचं होतं, अजून कळलं नाही गं.
ज्यानं लिहिलं त्याला वाटत असेल,
हिनं उत्तरसुद्धा दिलं नाही."

त्यांचा मीटरही वर हलवलेला.
स्टुलावर चढून मी आकडे घेतले.
या गावात आकडे सगळ्यांनाच वाचता येतात,
ऑगस्टात बारकी पोरंसुद्धा
आयर्विनवरून फूट वाचून घरी सांगत येतात.

हरभट रोडवर त्या पेटीच्या फोटोची प्रिंट काढली.
बारा रुपये.
मागे लिहिलं: रिडिंग घेतलं. पेटी कोरडी आहे.
काकूंचा पत्ता पेन्सिलीनं घातला,
शाईचा भरवसा नाही.

पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिताना मात्र हात थांबला.
आमच्या दाराला पेटीच नाही.
आमचं बिल जाळीत खोचतात,
दुधाच्या पिशवीमागं, ओलं होतं कधीकधी.

नाव लिहिलं, घर नंबर लिहिला,
आणि कंसात, बारीक अक्षरात:
जाळीत खोचावे, उजवीकडे.
दूध डावीकडे असतं.